चौदा मिनिटं

मामा विचारायचा, म्हणजे नक्की काय होणार तू?
शिक्षिका नाही. मानसशास्त्रज्ञ नाही.
थोडं समाजशास्त्र, थोडा हिशेब,
वास्तुकलेचे दोन पेपर, मुलांच्या झोपेवरचा एक.
एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणायचा,
आणि माशाचे खवले काढत बसायचा.

मामी तेव्हा तळ्याच्या धक्क्यावर गुडघे टेकून
चिंध्यांचाच गालिचा घासत होती.
त्यात आजोबांचा सदरा, एक पडदा, कुणाचा तरी पायजमा.
ती काही बोलली नाही.
पाण्याला पाइनच्या साबणाचा वास येत होता.

प्रबंधासाठी मी एक आख्खा हिवाळा
हेटेवाराच्या शाळेत खुंट्यांखाली बसले.
एकोणीस मुलं. बाहेर उणे बावीस.
मधल्या सुट्टीची घंटा ते दार,
मधे बूट, जाड सूट, मफलर, एक हातमोजा, दुसरा हातमोजा:
चौदा मिनिटं.
मी रोज मोजली. रोज चौदा, फार तर पंधरा.
मोठा विल्प्पू न सांगता धाकट्यांच्या चेन लावायचा.
आमोसची आई त्या नोव्हेंबरात घर सोडून गेली होती,
तो महिनाभर बोलला तो फक्त तिथे,
डाव्या बुटाशी.
प्राध्यापक लेहतिसारींनी ते पान बाजूला काढलं,
म्हणाले, प्रबंध हाच. बाकीचं परीक्षकांसाठी.

मग हेलसिंकी. सहावा मजला, गळ्यात ओळखपत्र.
मुलाखतीत विचारलं, तुमचं बलस्थान?
मी म्हटलं, मला थांबता येतं.
तो हसला आणि लिहून घेतलं:
ग्राहकांशी संयमाने वागते.

इथे दिवस पाव-पाव तासांत कापून
कुणाच्या तरी नावावर लिहायचा असतो.
पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं,
चौदा मिनिटं त्यात बरोब्बर मावतात.
एक उरतं.
त्या एकाचं काय करायचं, कुणी शिकवलं नाही.

दुसऱ्या वर्षी एक नगरपालिका आली.
अकरा शाळा, ठेवायच्या चार.
नवव्या ओळीत हेटेवारा.
पुढे लाल रकान्यात, अध्यापनाव्यतिरिक्त गेलेला वेळ: १४.
आकडा कुठून आणला, मी शेजारच्या पोराला विचारलं.
त्याने तळटीप दाखवली.
तळटीपेत माझं नाव होतं.

बैठकीत खजिनदार तेल्लेर्वोबाईंनी चष्मा काढून विचारलं,
मुलांना खरंच इतका वेळ लागतो?
मी बोलले. फार बोलले.
विल्प्पू, चेन, डावा बूट,
कॉफीवर साय धरली, सहकारी टेबलाखालून पाय मारत राहिला.
बाईंनी सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाल्या, छप्पर गळतंय, आणि एकोणीसची आता सात झालीत.
तेही खरं होतं.
माझ्याकडे सातांसाठी वेगळा प्रबंध नव्हता.

शाळा मिटली. बस पन्नास मिनिटांची.
नव्या इमारतीच्या नकाशात मी दोन गोष्टी घातल्या:
दालन दोन मीटर रुंद, आणि भिंतीलगत बुटका बाक.
रुंदी पहिल्याच काटछाटीत गेली.
बाक राहिला.
माझ्या वेळपत्रकात त्याची नोंद आहे: पाव तास.

हा विजय म्हणायचा का, मामाला विचारलं नाही.
मामीला विचारणार होते,
पण ती गालिचा पिळत होती, एक टोक तिच्या हातात,
दुसरं माझ्या. पिळताना बोलता येत नाही.

जानेवारीत रजा टाकून गेले.
बाकावर बसले, कुणाच्याही नावावर नाही.
घंटा झाली.
एक मुलगी समोर उभी राहिली, नाक वाहत होतं,
तू कशाला थांबलीयेस?
मी म्हटलं, मोजतेय.
किती झाले?
मी घड्याळ पाहिलं. अकरा.
मग चल ना, ती म्हणाली,
आणि हात पुढे केला,
अजून एक हातमोजा राहिलाय.